एका बाईला तीन

मुलं सांभाळते म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न असतो, किती आहेत? सहा, असं सांगितलं की त्यांचे चेहरे पडतात. तळमजल्यावरचं ऐसपैस घर, पुढे फाटक असलेलं अंगण, रोह्यात नोकरी करणाऱ्या बाया हव्या तेवढ्या, आणि मुलं फक्त सहा? एका लांबच्या नणंदेने तर तोंडावर सांगितलं, "एवढ्या जागेत मी वीस ठेवली असती." मी म्हटलं, "ठेव की. कोंबड्या ठेव." तेव्हापासून ती आमच्याकडे हळदीकुंकवाला येत नाही आणि मला त्याचं काही वाटत नाही.

माझा हिशेब सोपा आहे. बाईला हात दोन आणि कड एक. दोन हातांना दोन मुलं धरता येतात, तिसरं कडेवर घेता येतं. कडा खरं तर दोन असतात, पण दुसऱ्या कडेला पोर घेतलं की हात उरत नाहीत. चौथं पोर कशाला धरून चालणार? पदराला? पदर सुटतो. म्हणून एका बाईला तीन, आणि त्या तिघांत न चालणारं एकच. घरात आम्ही दोघी, मी आणि मदतीला येणारी मावशी. म्हणून सहा.

हे शहाणपण पुस्तकातलं नाही. माझं माहेर पेणचं. लग्नाआधी चार वर्षं मी तिथल्या एका बालवाडीत शिकवत होते. एका खोलीत बत्तीस मुलं आणि मी एकटी. एकदा शाळा सुटायच्या वेळेला एक अनोळखी बाई एका मुलीचा हात धरून दारात उभी राहिली. "बाई, ही तुमचीच ना? मघापासून आमच्यात बसलीय." मागच्या गल्लीत बायका पापड लाटायला बसायच्या. ही त्यांच्यात जाऊन तासभर तेलात बुडवलेली पापडाची लाटी खात बसली होती. तोंड तेलकट, स्वारी मजेत. ती खोलीत नाही हे मला कळलंच नव्हतं. त्या बायकांखेरीज हे कुणाला समजलं नाही, मुलीच्या आईलाही नाही. पण मी घरी गेले ती जेवले नाही. बत्तिसांतलं एक कमी झालं तरी खोली तेवढीच भरलेली दिसते, ही धास्ती त्या दिवशी अंगात शिरली ती शिरलीच.

मावशी निडीच्या पलीकडच्या गावातली. घरची भातशेती, भात काढल्यावर त्याच शेतात वाल. रोज सकाळच्या गाडीने येते. पोर शांत करायची तिची रीत मला अजून जमलेली नाही. रडणाऱ्या पोराकडे ती बघतच नाही. शेजारी बसते आणि भिजवलेले वाल सोलायला घेते. पाच मिनिटांत पोर तिच्या मांडीवर असतं आणि वालाची सालं त्याच्या मुठीत.

स्वयंपाकघरात एक पांढरा फळा आहे. सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंतचे पंधरा पंधरा मिनिटांचे चौकोन त्यावर आखलेले आहेत. कोणतं पोर कधी येतं, कधी जातं, आणि कोणत्या चौकोनात घरात मोठी माणसं किती. मावशीची गाडी चुकली की मी फोन करून तीन आयांना सांगते, मावशी येईपर्यंत थांबा. आया चडफडतात. चडफडू देत.

अशा माझ्या फाटकापाशी दोन वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन गेल्यावर, एक मुलगी येऊन उभी राहिली. मुलगीच म्हणायची, पंचविशीची असेल. कडेवर वर्षाचा मुलगा. माहेर पेणकडच्या खाडीपट्ट्यातलं, बापाचं सगळं आयुष्य मिठागरावर गेलेलं. हिला कंपनीत पॅकिंगला काम लागलं होतं, दुसरी शिफ्ट, दुपारी दोन ते रात्री दहा. कंपनीची बस आमच्या कोपऱ्यावर एक वीसला यायची. नवरा जनरल शिफ्टला, तो सहाला सुटून मुलाला न्यायचा. आजवर ज्या शेजारणीकडे मुलगा राहायचा ती घर बदलून गेली होती.

"काकू, सा महिने खाडा नाय केला तर पर्मनंट करतात," ती म्हणाली. "माझं एकच पोर हाय. कोपऱ्यात बसंल."

कोपऱ्यात बसणारं पोर मी अजून पाहिलेलं नाही. मी तिला सांगितलं, सहा भरलेत, सातवं घेत नाही. तिने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि वळली. माझा स्वभाव तापट आहे, कुणी भांडलं असतं तर मी दार लावून मोकळी झाले असते. ती भांडली नाही म्हणून अडकले. दिवसभर मला कशातच चव लागली नाही.

दुपारी फळ्यासमोर उभी राहिले. सहांतली एक मुलगी एका शिक्षिकेची. त्या बाईंची सकाळची शाळा, मुलीला न्यायला त्या बरोब्बर दोनला हजर. नवा मुलगा येणार सव्वाला. म्हणजे सात मुलं होणार फक्त सव्वा ते दोन, पाऊण तास. त्या पाऊण तासापुरतं एक मोठं माणूस मिळालं तर गणित सुटत होतं. पण रोजच्या पाऊण तासासाठी कामाला येणार कोण? माझा नवरा सातला गेलेला असतो. शेजारी कुलूप. घरात उरलं एक माणूस, आणि ते आतल्या खोलीत पालथं झोपून घोरत होतं.

माझे सासरे. आबा. एसटीत कंडक्टर म्हणून उभी हयात काढली, रोहा डेपोतून रिटायर झाले. जेवल्यावर एक ते तीन झोप, त्यात बदल नाही. मी विषय काढला तेव्हा ते भडकलेच.

"म्हणजे मी आता आया व्हायचं?"

"आया नाही. पाऊण तासाची ड्युटी."

"सात पोरांना तीन माणसं? अगो, मी चौपन्न सीट आणि वर उभे पंधरा एकट्यानं नेलेत."

"ते सगळे तिकीट काढून बसलेले. ही रांगतात, चावतात."

मग ते वेगळ्या वाटेने आले. ही सगळी हाफ तिकिटं, सात हाफ म्हणजे साडेतीन, साडेतीनला तीन माणसं लागतात कशाला? मी म्हटलं, पाच वर्षांच्या आतल्याला तुमच्या एसटीत तिकीटच नाही, त्या हिशेबाने घर रिकामंच आहे, मग मीही झोपते. यावर त्यांनी पाठ फिरवली. तिसऱ्या दिवशी मात्र सव्वाला दहा कमी असताना शर्ट खोचून, केसांना पाणी लावून हॉलमध्ये येऊन उभे. 

मी त्या मुलीला फोन केला. ती फोनवर नुसती "व्हय काकू, व्हय काकू" करत राहिली.

आबांनी पहिल्याच दिवशी दोन चटया समांतर अंथरल्या, मधे वाट ठेवली आणि पोरांना दोघादोघांनी बसवलं. खिडकीची जागा एकीला रोज हवी असायची, त्यावरून भांडणं. तोंडाने एकदा घंटी वाजवली की थांबा, दोनदा वाजवली की गाडी चालू, कुणी उठायचं नाही. गाडी रोज निघायची आणि कधीच कुठे पोचायची नाही, पण पोरं जागेवर. मला चार वर्षांत जे जमलं नव्हतं ते त्यांनी चार दिवसांत केलं. मी त्यांना तसं सांगितलं नाही, नाहीतर डोक्यावर बसले असते.

फक्त एका गोष्टीवरून त्यांचं आणि मावशीचं वाजलं. दर पंधरा मिनिटांनी मी स्वयंपाकघरातून "किती?" म्हणून ओरडते. मावशी इतकी वर्षं एकच उत्तर द्यायची, "हायत सगली." पोरं मोजू नयेत, दृष्ट लागते, असं तिचं म्हणणं. मी ते चालवून घेतलं होतं, कारण ती एकेका पोराकडे बघून मगच बोलायची. आबांना ते खपेना. "आकडा सांगायचा मावशी. 'हायत सगली' असं गाडीच्या हिशेबात, वेबिलावर, लिहीत नाहीत." आठ दिवस त्यांनी तिला छळलं. शेवटी तिने मान हलवली, मोजते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दीडच्या सुमाराला मी मऊ भात कालवत होते. ओरडले, "किती?"

"सात," आबा म्हणाले.

"सहा हायत," मावशी म्हणाली.

भाताचं पातेलं मी कुठे ठेवलं ते आठवत नाही. आबांनी तोवर डबल बेल मोडून पलंगाखाली वाकायला सुरुवात केली होती, त्यामुळे पोरंही सगळी उठून इकडेतिकडे. मी मोरीत बघितलं, पाण्याच्या पिंपात बघितलं. मग अनवाणी रस्त्यावर धावले, फाटक सताड उघडं टाकून. तीच माझी सगळ्यात मोठी चूक. परत फिरले तर फाटकातून एक आई आत येत होती, बँकेत कॅशियर असलेली. मुलाचं खोकल्याचं औषध द्यायचं राहिलं म्हणून जेवणाच्या सुट्टीत आलेली. तिने मला पाहिलं, उघडं फाटक पाहिलं, पलंगाखालून निघालेले आबांचे पाय पाहिले.

"काय झालं काकू?"

मी आत वळले. आबाच उठले, कपडे झटकले आणि घसा फाडून दोनदा घंटी वाजवली. सगळी पोरं धावत चटयांवर. त्यांनी एकेका डोक्यावर बोट ठेवून मोजलं. सात. मी मोजलं. सात. मग मावशीला म्हटलं, आता तू मोज, मोठ्याने.

मावशीने पहिल्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला. "लाभ." दुसऱ्याच्या डोक्यावर. "येक." तिसऱ्याच्या. "दोन." अशी ती शेवटच्या पोरापाशी आली. "सहा."

भात मापताना आमच्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. बहुतेक घरांत लाभच्या पुढे दोन येतात. मावशीच्या घरी लाभ हे माप देवाचं, ते बाजूला, आणि धन्याचं मोजणं त्याच्या पुढे एकपासून. पोरं मोजायची नाहीत ही भीती आणि आबांचा आकडा, दोन्ही सांभाळायला तिला ही युक्ती सापडली होती. खळ्यावर मापतात तसं मापायचं, म्हणजे दृष्ट लागत नाही.

"अगो मावशी, मग सातवं पोर गेलं कुठे?" आबा ओरडले.

"जातंय कुठं? पयलं देवाचं. देवाचं काय हरवतं व्हय?"

मी मटकन खाली बसले आणि हसायला लागले, आणि हसता हसता रडले. आबा भिंतीकडे तोंड करून हसत होते. कॅशियर हसली नाही. मुलाला चमचाभर औषध पाजलं आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दहा मिनिटं लवकर आली. "काकू, मी तुमच्याकडे मूल ठेवलं ते एका बाईला तीन या नियमामुळे. पुण्यात माझ्या बहिणीच्या मुलाच्या पाळणाघरात एका बाईला दहा आहेत. तुम्ही सातवं घेतलंत, मी गप्प राहिले. कालचं बघून मला झोप लागली नाही. उद्या आबा आजारी पडले, गावाला गेले, तर?"

"तर सातवं मूल फाटकाबाहेर."

"नक्की?"

"नक्की. एक मिनिटही आत नाही."

"लिहा फळ्यावर."

मला राग आला. माझ्या घरात येऊन मला लिहायला सांगते! पण ती बोलत होती ते माझंच वाक्य होतं, त्यामुळे रागवायचं कुणावर? मी लाल पेनाने लिहिलं, सात मुलांना तीन मोठी माणसं, नाहीतर सातवं आत नाही. दुपारी सातव्या मुलाच्या आईलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चालंल काकू." फाटकाला मी वरच्या बाजूला दुसरी कडी बसवून घेतली. मावशीला सांगितलं, देवाचंही धर. त्या दिवसापासून ती "लाभ, दोन" म्हणते.

पाच महिने सुरळीत गेले. आबांनी एक ड्युटी चुकवली नाही, सर्दी झाली तरी तोंडाला रुमाल बांधून आले. त्या मुलीचाही एक खाडा नाही. शेवटचे आठ दिवस राहिले होते. आम्ही सगळेच ते दिवस मोजत होतो, मावशीसुद्धा.

त्या बुधवारी आबा सकाळी पेणला बहिणीकडे गेले. एकच्या आत घरी येतो म्हणाले. पाऊण वाजता फोन आला. "गाडी कासू टेशनात उभी हाय. अर्धा तास झाला. पुढं काय झालंय ते कोण सांगत नाय." पाठीमागून लोकांचा गलका ऐकू येत होता. कासूहून रोहा काही पलीकडच्या गल्लीत नाही. आबांचा आवाज असा पडलेला मी कधी ऐकला नव्हता. मी त्या मुलीला फोन लावला, ती घरून निघालेली, उचलला नाही.

सव्वाला ती फाटकापाशी आली. पोराने माझ्याकडे हात पसरले. त्याला माझी सवय झाली होती.

"आबा नाहीत," मी म्हटलं. "गाडी अडकलीय. घेता येत नाही."

ती समजली. लगेच समजली. "काकू, आठच दिस ऱ्हायलेत."

मागून मावशी आली. "येक दिस घे गो. पाऊन तासात काय व्हतंय?"

मी खरं सांगते, माझा हात कडीवर होता. कडी अर्धी सरकली होती. शिक्षिका दोनला येणारच होत्या, कुणाला कळलंही नसतं. ते पोर माझ्या बोटाला धरून चालायला शिकलेलं, त्याच्या तोंडावर फाटक लावायचं होतं. पण कुणाला कळलं नसतं, हे मनात आलं आणि मी कडी परत लावली. "नाय," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, कारण हळू म्हटलं असतं तर मलाच पटलं नसतं.

मग डोकं चालायला लागलं. सातवं मूल आत येत नाही तर तिसरं माणूस आत आणायचं. कुठलंही नाही, पोरांना ओळखणारं. बँक दोन गल्ल्या सोडून. मी कॅशियरला फोन लावला.

"तुमची जेवणाची सुट्टी कितीला?"

"दीडला. का?"

"आज आत्ता घ्या. डबा घेऊन या. माझ्याकडे सात होतायत आणि मोठी माणसं दोन. फळ्यावर तुम्हीच लिहायला लावलंत."

"काकू, काउंटरला चार जण उभे आहेत."

"माझ्या फाटकाबाहेर एक उभी आहे. तिची नोकरी जाईल."

पलीकडे खुर्ची सरकली.  मग ती म्हणाली, "आले."

कोपऱ्यावर बस आली. हॉर्न वाजला. ती मुलगी पोराला घेऊन फाटकाबाहेर, मी आत, मधे कडी. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो. दुसरा हॉर्न. तिने वळून ओरडून सांगितलं, "दादा, दोन मिंटं!" ड्रायव्हरने खिडकीतून हात काढून घड्याळ दाखवलं. तिसऱ्या हॉर्नला गल्लीच्या तोंडाशी कॅशियर दिसली. एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात निऱ्या, गळ्यातलं बँकेचं ओळखपत्र पाठीवर गेलेलं, धावत. अख्खी गल्ली बघत होती. ती फाटकाशी पोचली आणि मी ओरडले, "तीन!" कडी काढली, आधी तिला आत घेतलं, मग पोर. ती मुलगी कोपऱ्याकडे पळत सुटली. बसचं दार बंद होताना मला तिची वेणी तेवढी दिसली.

मी अंगणात उभी राहून टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. मावशी म्हणाली, "येडी झाली ही."

कॅशियरने तो पाऊण तास कंडक्टरची ड्युटी केली. तिच्या डब्यातल्या पोळीभाजीचे सात भाग झाले आणि तिच्या वाट्याला लोणचं आलं. दोन वाजता शिक्षिका आल्या तेव्हा तिचे केस सुटलेले आणि खांद्यावर कुणाची तरी लाळ. "मला वाटायचं कॅश सांभाळणं अवघड," ती म्हणाली. मग आत गेली, लाल पेन घेतलं आणि फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात लिहिलं, आबा नसतील तर मी, आणि पुढे आपला नंबर. शिक्षिकेने ते वाचलं आणि त्याखाली आपलाही लिहिला, शनिवारसाठी. आबा अडीचला आले, रेल्वेला शिव्या देत. बदली माणसाने ड्युटी केली हे कळल्यावर संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

पुढच्या महिन्यात ती मुलगी एका सुट्टीच्या सकाळी आली, हातात कागद घेऊन. पर्मनंट. आबांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला. मावशीने तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी चहा टाकायला आत गेले तर ती माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली.

"काकू, येक सांगू? त्या दिशी तुम्ही नाय म्हनलात ना, मला तुमचा लय राग आला. बसमधी बसून रडले मी. मंग कंपनीचं गेट आलं तवा डोक्यात आलं, माझ्या पोरासाटी पन ही बाई कुनाला तरी असंच नाय म्हनंल." ती फळ्याकडे बघत होती. "आदी मी रोज चहाच्या सुट्टीला फोन करायची. तुम्ही वैतागायचात. त्या दिशी केला नाय. मंग कदीच केला नाय."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला नाही, तिने केला.